साठ उशा आणि चार दात

कौशल्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. मला माहीत आहे, कारण माझा चारला सुरू होतो. तिच्या न्हाणीतली बादली वाजते तेव्हा माझं अंगण झाडून झालेलं असतं आणि चुलीवर पाणी तापलेलं असतं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. तरी गल्लीत कोणाला विचारा, सगळ्यांत आधी कोण उठतं, तर नाव कौशल्याचं निघेल. ती उठली की दारात रांगोळी काढते. रांगोळी सगळ्यांना दिसते. झाडलेलं अंगण पाहायला कोणी थांबत नाही.

धामणगावच्या एका कापसाच्या जिनात आम्ही दोघींनी एकतीस हंगाम काम केलं. रेच्यावर कापूस भरायचं काम. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि हातानं सारखा कापूस लावत राहायचा. हात थांबला की यंत्र रिकामं फिरतं आणि मुकादम ओरडतो. नाकात, केसांत, पापण्यांवर रुई. घरी गेल्यावर खोकला.

एका पाळीत मी कौशल्यापेक्षा जास्त कापूस भरत असे. हे वाढवून सांगत नाही, वजनकाट्यावर दिसत होतं. पण कौशल्या भरता भरता कवडी वेचायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. ती खाली पाहायची नाही. बोटांनाच कळायचं. व्यापारी आला की मुकादम तिच्या रेच्याखालची रुई उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "पाहा शेठ, दूध." माझ्या रेच्याखालची रुई कधी कोणी उचलून दाखवली नाही. ती गाठीत जायची, गाठ गाडीत जायची.

कौशल्या मोर्शीकडची. बापाचं वावर होतं, संत्र्याची थोडी झाडं होती. लग्न होऊन धामणगावला आली. नवरा चंद्रभान कापसाच्या यार्डात हमाल होता. मुलगा शाळेत गेला आणि ती जिनात आली. मी अकोल्याची. माझे बाबा तिथल्या एका मिलमध्ये सुताला खळ लावायच्या खात्यात होते. मी लग्न करून इथे आले आणि वर्षभरात रेच्यावर उभी राहिले. चंद्रभान आता नाहीत. आमचे हेही नाहीत. आम्ही दोघींनी काम एकाच वर्षी सोडलं, गुडघ्यांमुळे.

तिच्या दातांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. सोळा वर्षांपूर्वी जिनात कापसाच्या ट्रॉलीचं मागचं फाळकं उघडताना सुटलं आणि तिच्या तोंडावर आलं. वरचे पुढचे चार दात गेले. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली, तोंडाला पदर लावून. जखम भरली तरी पदर राहिला. बोलताना पदर, हसताना पदर. पुतण्याच्या लग्नाच्या फोटोतही काकू म्हणून जी बाई दिसते तिचे फक्त डोळे दिसतात.

मागच्या वर्षी तिची नात प्रणाली हिचं लग्न ठरलं. डिसेंबरमधली तारीख. प्रणाली अमरावतीला एका दवाखान्यात नोकरी करते. ती येऊन म्हणाली, "आजी, माझ्या फोटोत पदर नाही चालणार. दात बसवून घे."

ती गेल्यावर कौशल्या भिंतीपाशी आली. "शालू, मले दात पायजेत. लग्नाच्या आंधी."

"पोराले मांग."

"त्याच्यामांगं लग्न हाये. त्याले नाई मांगत. मी करतो काहीतरी."

मी म्हटलं, "या वयात काय करतं तू?"

पण ती करणार हे मला माहीत होतं. तिचं होतंच.

आमच्या बचत गटानं त्याच सुमारास दोन दिवसांचा वर्ग लावला. अमरावतीहून गीतांजली मॅडम सकाळच्या गाडीनं यायच्या. तिशीतली मुलगी, बोलायला गोड. घरच्या सामानात बाटिक शिकवणार होत्या. खरं बाटिक मेणाचं असतं म्हणे. हे मैद्याचं. मैदा, पाणी आणि थोडी तुरटीची पूड, भज्यांच्या पिठाइतकं सैल. ते मेंदीच्या कोनात भरायचं आणि कापडावर नक्षी काढायची. उन्हात कडक वाळवायचं. मग कापड हातात घेऊन चुरगाळायचं, म्हणजे वाळलेल्या पिठाला भेगा पडतात. वरून पातळ केलेला कापडाचा रंग ब्रशनं द्यायचा. रंग भेगांतून आत उतरतो. रंग वाळला की उलट्या बाजूनं इस्त्री, मग थंड पाण्यात भिजवून पीठ खरवडून काढायचं. जिथे पीठ होतं तिथे कापड पांढरं राहतं आणि त्या पांढऱ्यात बारीक रेघा उमटतात. त्या कापडाच्या खोळी शिवायच्या, आत कापूस भरायचा, झाल्या दिवाळीच्या सजावटीच्या उशा.

आम्ही घरून जुन्या चादरी नेल्या होत्या. सगळ्यांनी पणती काढायची. एकच पीठ, एकच रंग, एकच ऊन. मी तिच्यापेक्षा अर्धा तास जास्त बसले. माझी पणती वांग्यासारखी झाली. कौशल्यानं कोन धरला आणि रांगोळीसारखा सोडला. पणती, तिच्या दोन्ही बाजूंना आंब्याची पानं. चुरगाळतानाही तिनं कापड असं दाबलं की भेगा मध्ये दाट आणि कडेला विरळ. धुतल्यावर सगळ्या बाया जमा झाल्या.

"अवं माय, हे तं वैशाखातलं वावर हाये," एक जण म्हणाली. खरंच काळ्या जमिनीच्या भेगांसारखं दिसत होतं. गीतांजली मॅडमनी तीन फोटो काढले. माझ्या वांग्याकडे पाहून म्हणाल्या, "शालूताई, तुमचं भरणं मात्र एक नंबर."

भरणं एक नंबर होतंच. उशी भरणं सोपं नाही. कापूस आधी बोटांनी मोकळा करावा लागतो, गाठ राहिली तर ती महिन्याभरात टोचते. आधी चार कोपरे भरायचे, मग कडा, पोट शेवटी. कोपरा मोकळा राहिला तर उशी आठ दिवसांत मान टाकते. मी भरलेल्या उशीवर बसा, उठा, ती पुन्हा तशीच. पण लोक उशी घेताना पणती पाहतात. कोपरा दाबून पाहणारा अजून मला भेटायचा आहे.

फोटो अमरावतीच्या एका सोफ्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं दिवाळीसाठी साठ उशा मागितल्या. पणती, आंब्याची पानं आणि त्या भेगा. भेगा पाहिजेतच, असं त्यानं बजावून सांगितलं. खोळी कौशल्या करणार आणि भरणार मी, असं ठरलं. खोळीची मजुरी भरण्याच्या तिप्पट. कौशल्यानं लगेच दातांच्या डॉक्टरकडे जाऊन माप कधी घेणार ते विचारून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळी झाली की या, लग्नाआधी होतील.

तिनं मला हे सांगितलं तेव्हा पदराआडून तिचे डोळे हसत होते. मी म्हटलं, "चांगलं झालं." जिनात मी जास्त भरायची आणि नाव तिचं. आता मी भरणार आणि नाव तिचंच. माझं जेवण गेलं नाही त्या दिवशी.

मॅडमनी नवीन मांजरपाटाचं थान, म्हणजे अख्खा तागा, पाठवलं. कोरं, पिवळसर, हाताला चरचरीत. कौशल्यानं मला बोलावलं. मी भांडी घासून तशीच गेले होते. माझ्या बोटावरचं पाणी थानावर पडलं. थेंब कापडावर उभा राहिला, अळूच्या पानावर राहतो तसा.

बाबांनी मला लहानपणी दाखवलं होतं. कोऱ्या कापडात सुताची खळ असते. ती पाणी आत घेत नाही, रंगही घेत नाही. धुण्याचा सोडा टाकून दोन तास उकळायचं, मग थेंब टाकून पाहायचा. "थेंब बसला पायजे," बाबा म्हणायचे, "उभा नाई राह्यला पायजे." वर्गात आम्ही जुन्या, शंभरदा धुतलेल्या चादरी वापरल्या होत्या. त्यामुळे हा विषय निघालाच नव्हता. मॅडमना बहुतेक ठाऊक नव्हतं. कौशल्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कापूस तिला समजतो, कापड नाही.

ती म्हणाली, "पाय ना वं शालू. तुह्ये बाबा मिलात होते, तुले समजते. कापड चांगलं हाये ना?"

मी थान बोटांत धरलं. वीण घट्ट होती.

"चांगलं हाये," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. कापड चांगलंच होतं. मी घरी आले आणि उरलेली भांडी घासली.

पुढचे पाच दिवस मी अंगणातल्या भिंतीवरून पाहत होते. बावीस तुकडे तिनं एकदम कापले, कारण ऊन चांगलं होतं. साडेचारला उठून पीठ कालवायची, सातला कोन हातात, दहापर्यंत दोरीवर तुकडे. चुरगाळायला घेतले तर वाळलेलं पीठ पापड सुटावा तसं काही ठिकाणी आख्खंच सुटलं. तिनं पुन्हा लावलं. रंग दिला, तो वर थबकला. तिला वाटलं रंग पातळ झाला, तिनं घट्ट केला. पाचव्या दिवशी धुतले. बादलीतलं पाणी लाल झालं आणि कापड तसंच राहिलं, पिवळसर, मध्येमध्ये खरूज झाल्यासारखे डाग.

बावीस तुकडे दोरीवर लटकत होते. तिनं ते काढले नाहीत. ओसरीवर बसून स्वतःचे हात पाहत होती, आधी उलटे, मग सुलटे.

मी गेले. जायला नको होतं, पण गेले.

"काय झालं वं?"

"माहा हात गेला, शालू."

"हात कायचा जाते?"

"गेला. वर्गात होता, आता नाई."

हे ऐकून मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. दोन दिवस मला भूकही चांगली लागली.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "मॅडम, माह्याच्यानं होत नाई. शालूले द्या. ते लय मेहनती हाये, ते करीन." मग थोडं थांबून, "नाई, दाताचं पाहीन मी मंग. फोटोत पदर घेतला तं काय होते."

संध्याकाळी तिनं उरलेलं थान स्वतः डोक्यावर आणून माझ्या ओसरीवर ठेवलं. कोन, रंग, ब्रश, सगळं. "कर तू," म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला मुलाकडे गेली. मी मागच्या अंगणात मोठं पातेलं चढवलं. सोडा टाकला, दहा तुकडे उकळले, दोन तास काठीनं ढवळत उभी राहिले. तीन पाण्यांत धुतले. वाळल्यावर थेंब टाकला. बसला. मग चार दिवस मी त्या दहा खोळींवर राबले. एकेका पणतीला पाऊण तास. पाठ धरली, मान धरली. रंग असा बसला की कापडाच्या मागून दिसत होता. भेगाही पडल्या. पणत्या मात्र पुन्हा वांगीच. या वेळी जरा लांबट.

गीतांजली मॅडम पाहायला आल्या. अमरावतीहून परतलेली कौशल्याही आली, चहा घेऊन. मॅडमनी एकेक खोळ उचलली, ठेवली. बराच वेळ पाहिलं.

"रंग मस्त बसलाय शालूताई," त्या म्हणाल्या.

नक्षीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मला समजलं. मग त्यांनी सहज विचारलं, "कापड तर तेच. मग कौशल्याताईंचा रंग का नाही बसला?"

मी खोळींची थप्पी सरळ करायला लागले. कौशल्यानं माझी एक खोळ उचलली आणि अंगठ्यानं चोळली. दुसऱ्या हातानं कोपऱ्यातलं उरलेलं कोरं थान चोळलं. पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि दोन्हींवर एकेक थेंब सोडला. थानावरचा उभा राहिला. खोळीवरचा बसला.

ती मॅडमसमोर एक शब्द बोलली नाही. चहा दिला. मॅडमच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आली. मग ओसरीची पायरी चढली.

"तुले माहीत होतं."

"होतं."

"मी इचारलं होतं तुले. या थानाले हात लावून इचारलं होतं."

"हो."

"काहून, शालू?"

जे तोंडात आलं ते बोलले. "एकतीस वर्षं मुकादम तुह्याच रेच्याची रुई दाखवत होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली. आणि मग हसली. पदर घ्यायला विसरली. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी ते खिंडार पाहिलं. "त्याच्यासाठी? अवं, त्या मुकादमाले धड दिसत नोतं! माहा रेचा दाराजवळ होता म्हणून माही रुई उचले थो!"

मलाही हसू येणार होतं. पण तिचं थांबलं होतं. तिनं पदर तोंडावर घेतला.

"माह्ये दात होते याच्यात," ती म्हणाली.

मी ओसरीवरचे चहाचे कप गोळा करायला लागले.

"पाणी चढव. सोडा किती टाकते ते दाखव. आन् ते बावीस तुकड्यांचं कापड तुह्या मजुरीतून."

"हो."

"आन् भरणं एक बी ढिलं नाई पायजे."

याचा मला राग आला. माझं भरणं कधी ढिलं होतं? पण तो दिवस ते बोलायचा नव्हता.

दिवाळीला सोळा दिवस होते. मी पहाटे चारला चूल पेटवायची आणि कापड उकळायची. साडेचारला ती यायची, थेंब टाकून पाहायची. माझ्यावर विश्वास नव्हता, प्रत्येक तुकड्यावर थेंब. मग पीठ, कोन, ऊन. वाया गेलेले बावीस तुकडे मी उकळून साफ केले, त्यांच्या आतल्या खोळी शिवल्या. तेवढे पुरले नाहीत, बाकीच्या माझ्या जुन्या लुगड्यांच्या. आत साधी खोळ असली की कापूस सरकत नाही. ही माझी अक्कल. तिनं पाहिलं, काही म्हणाली नाही. अकरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. "पाणी." "सोडा." "सरक तिकडं." माझ्या दहा खोळींमधली एक तिनं हातात घेतली, वांग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे घरी ठेव. भाजीच्या दिवशी कामी येईन." बाराव्या दिवसापासून टोमणे सुरू झाले, तेव्हा मला कळलं की बरं होत आहे.

पण तिचा हात चालत असताना पाहणं मला तेव्हाही जड जात होतं. मी सोडा टाकून कापडाची खळ काढली होती, पाणी मी ओढलं होतं, लाकडं मी फोडली होती. आणि ती बसल्या बसल्या कोनाचं टोक फिरवायची की पणती जळल्यासारखी दिसायची. एका पणतीला आठ मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. माझ्या पणतीला पाऊण तास. मेहनतीवर जगात काही ठरत असतं तर माझी पणती पाचपट सुंदर झाली असती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी साठ उशा टेम्पोत चढल्या. चढवताना मी एकेकीचे चारही कोपरे दाबून पाहिले. दुकानदारानं मॅडमना फोन करून सांगितलं की पणत्या फार आवडल्या. कोपऱ्यांबद्दल काही नाही. मला एक मात्र नंतर कळलं. कौशल्यानं मॅडमना सांगितलं होतं, पुढच्या वेळी कापड पाठवायच्या आधी शालूला विचारा. का विचारायचं, हे तिनं सांगितलं नव्हतं. या चांगुलपणाचाही मला त्रासच झाला. तोही मला आधी सुचला नाही.

मजुरी आली. तिची तिला, माझी मला, बावीस तुकडे वजा करून. ती डॉक्टरकडे गेली, माप दिलं. लग्नाला आठवडा असताना दात आले.

प्रणालीचं लग्न धामणगावातच झालं. फोटोवाल्यानं दोन्ही घरच्या बायांना ओळीनं उभं केलं. शेजारीण म्हणून मलाही ओढलं. कौशल्याचा पदर खांद्यावर होता. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसा." ती हसली, सगळ्यांसमोर, सरळ. चारही दात एका रेघेत. प्रणाली तिच्या गळ्यात पडली. बाया म्हणाल्या, वीस वर्षांनी लहान दिसता. मला कोणी काही म्हणालं नाही. माझे स्वतःचे दात सगळे शाबूत आहेत. त्यांकडे कोणी पाहत नाही.

जेवायला बसलो तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली. तोंडातल्या नव्या दातांमुळे शब्द थोडे शिट्टी मारत होते.

"शालू, हे मधले दोन पाय."

"काय झालं त्यांले?"

"हे तुह्ये हायेत. बावीस तुकड्यांचे. ते पैसे माह्या मजुरीतून गेले असते तं हे दोन नसते."

आणि पुन्हा हसली, मुद्दाम, अगदी माझ्या तोंडासमोर. मी नीट पाहिले. बाजूच्या दोनांपेक्षा मधले दोन मला जास्त पांढरे वाटले.